भेट जाहीर केली नाही, म्हणजे भ्रष्टाचार झाला का? हे कसं तपासायचं

राजकारण्याने घेतलेली भेट जाहीर केली नाही म्हणून ती आपोआप लाच ठरत नाही. आणि रीतसर नोंदवहीत लिहिली म्हणून लाचेची भेटही होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांचे नियम वेगळे, तपासणाऱ्या यंत्रणा वेगळ्या, परिणामही वेगळे. चर्चेत मात्र दोन्ही एकत्र कालवले जातात आणि त्याचा फायदा घेणाऱ्यालाच होतो. लाच सिद्ध झाली नाही की तो स्वच्छ म्हणून मिरवतो, आणि नोंद का केली नाही हे विचारायचंच राहून जातं. म्हणून खालचा क्रम पाळा. बातमी करणारे, तक्रार करणारे आणि नेत्याच्या कार्यालयात नोंदी ठेवणारे अशा सगळ्यांना तो उपयोगी पडतो.

आधी भेटीचा हिशोब करा

भेट म्हणजे फक्त वस्तू नव्हे. इतर कुणालाही ज्याचे पैसे मोजावे लागले असते आणि नेत्याने मोजले नाहीत, ते सगळं भेटीत धरा. विमानातली जागा, हॉटेलातली रात्र, सामन्याचे पास, घराची डागडुजी, लग्नातलं जेवण, बिनव्याजी कर्ज, बाजारभावापेक्षा निम्म्यात मिळालेलं घर, हे सगळं त्यात येतं.

किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाने लावा, देणारा सांगतो त्या आकड्याने नव्हे. निमंत्रितांच्या पासवर किंमत छापलेली नसते. तिथे तशाच सोयीच्या विक्रीच्या तिकिटाचा दर घ्या. बिनव्याजी कर्जात वाचलेलं व्याज ही भेट असते, आणि कर्ज माफ झालं की त्या दिवशी मुद्दलही भेट होतं. सवलतीत फरकाची रक्कम धरा. खासगी विमानातल्या प्रवासासाठी दोन आकडे काढून ठेवा: त्याच मार्गाचं बिझनेस क्लासचं तिकीट आणि आख्खं विमान भाड्याने घेण्याचा खर्च. कोणता धरायचा हे तिथला नियम ठरवतो. तुमच्या टिपणात दोन्ही हवेत.

मग बेरीज करा. सगळ्यात जास्त गफलत इथे होते. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात एकाच स्रोताकडून एका वर्षात ३०० पाउंडांपेक्षा जास्त किमतीच्या भेटी आल्या तर २८ दिवसांत नोंद करावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहात सरकारी स्रोताकडून आलेल्या भेटीला ७५० डॉलर आणि इतरांकडून आलेल्या भेटीला ३०० डॉलर ही मर्यादा आहे. फ्रान्सच्या खासदारांना १५० युरोंच्या वरची भेट कळवावी लागते. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्याला एका वेळी ५० डॉलरपेक्षा कमी आणि एका देणाऱ्याकडून वर्षभरात १०० डॉलरपेक्षा कमी इतकंच घेता येतं. नोंदणीकृत लॉबीवाल्याकडून, म्हणजे पैसे घेऊन सदस्यांकडे कुणाची तरी बाजू मांडणाऱ्याकडून, तेवढंही नाही. मर्यादा कळली की तिच्या थोड्या खाली राहणारे तुकडे पडू लागतात: तीन पास तीन दिवशी, एक कंपनीच्या नावाने, एक तिच्या उपकंपनीच्या, एक संचालकाच्या पत्नीच्या. मालक एक असेल तर बेरीजही एकच करा.

घरच्यांना मिळालेलं वेगळ्या रकान्यात लिहा, पण वगळू नका. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचे माजी गव्हर्नर रॉबर्ट मॅकडॉनेल यांच्या खटल्यात एका पूरक-औषधं विकणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाकडून मिळालेल्या भेटी आणि कर्जं मिळून १,७५,००० डॉलरपेक्षा जास्त निघाली. त्यात रोलेक्स घड्याळ होतं, पत्नीची खरेदी होती, मुलीच्या लग्नातल्या जेवणाचे १५,००० डॉलर होते. त्या वेळच्या राज्याच्या नियमात कुटुंबीयांना मिळालेल्या भेटी जाहीर करण्याची सक्तीच नव्हती. अशी पळवाट दिसली की देणारे नेमकं तिथूनच आत येतात.

खरे पैसे कुणी भरले

पाकिटावरचं नाव आणि बिल भरणाऱ्याचं नाव जुळतं का, हे बघा. हॉटेलचं बिल कोणत्या कार्डावर गेलं, तिकीट कोणत्या ट्रॅव्हल एजन्सीने कुणाच्या खात्यावर काढलं, देणाऱ्या कंपनीने तो खर्च आपल्या हिशोबात व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला का? शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. मैत्रीखातर दिलेली वस्तू कंपनीच्या जाहिरात खर्चात टाकलेली असेल, तर मैत्रीचा दावा देणाऱ्यानेच खोडलेला असतो.

मैत्री ही खोटी सबबच असते असं मात्र धरून चालू नका. राजकारण्यांनाही बालमित्र असतात. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या नियमांतल्या तीन कसोट्या कुठेही वापरता येतील अशा आहेत. पद मिळण्याआधीपासून दोघांत भेटींची देवाणघेवाण होती का. पैसे देणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरले का. आणि तशीच भेट त्याने त्याच वेळी इतर सदस्यांनाही दिली का. पद मिळाल्यानंतर सुरू झालेली, एकाच बाजूने वाहणारी आणि कंपनीच्या खर्चाने चालणारी मैत्री या कसोट्यांवर टिकत नाही.

पक्षाला मिळालेली देणगी हा निराळा विषय. तिचे कायदे वेगळे असतात. पैसे पक्षाच्या खात्यात गेले की नेत्याच्या, एवढं पाहून ते कागद बाजूला काढा. परदेशी सरकारांनी दिलेल्या शिष्टाचाराच्या भेटींचंही तसंच. त्या मुळात राज्याच्या असतात, आणि तिथे प्रश्न त्या सरकारजमा झाल्या का आणि मूल्यांकन कुणी केलं, एवढाच. ब्रिटनमध्ये मंत्र्याला १४० पाउंडांच्या वरची अशी भेट ठेवायची असेल तर वरची रक्कम भरावी लागते.

त्या दिवशी कोणता नियम लागू होता

आजचा नियम जुन्या भेटीला लावणं ही नेहमीची चूक. नियमाची त्या तारखेची आवृत्ती मिळवा. मग पाहा की नेता त्या दिवशी कोणत्या भूमिकेत होता: मंत्री, साधा सदस्य, उमेदवार की नुकताच निवडून आलेला. एकाच माणसाला मंत्री म्हणून एक संहिता आणि सदस्य म्हणून दुसरी लागू असू शकते, आणि एकीत नोंद आहे म्हणून दुसरीत लागत नाही असं नसतं.

नोंद तपासताना ती आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. वेळेत केली का, किंमत पूर्ण आहे का, देणाऱ्याचं नाव खरं आहे का आणि वर्णन खरं आहे का, हे चारही बघा. वर्णनाकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. २०२४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान किअर स्टार्मर यांच्यावर टीका झाली, त्यात एक मुद्दा पत्नीला मिळालेल्या कपड्यांची नोंद उशिरा झाल्याचा होता आणि दुसरा, कपड्यांसाठी आलेली मदत आधी खासगी कार्यालयाच्या खर्चासाठी म्हणून दाखवल्याचा. त्यांनी पुढे ६,००० पाउंडांहून जास्त किमतीच्या भेटींचे पैसे परत केले. इथे प्रश्न नोंदीच्या नेमकेपणाचा होता, लाचेचा नव्हे, आणि त्याबद्दल लिहिताना तेवढंच लिहायला हवं.

नोंदवहीची प्रत तुम्ही पाहिली त्या दिवशीच उतरवून, तारखेसह जपून ठेवा. ऑनलाइन नोंदी दुरुस्त होतात, जुन्या काढून टाकल्या जातात. आज न सापडलेली नोंद उद्या तिथे दिसेल, आणि ती आधीपासूनच होती असं तुम्हाला सांगितलं जाईल.

देणाऱ्याचं काम कुणाच्या टेबलावर होतं

सगळ्या तपासातला हा मुख्य सांधा. इथे एक कागद आखा: डावीकडे तारीख, मध्ये घटना, उजवीकडे पुरावा. भेटी आणि सरकारी निर्णय वेगवेगळ्या यादीत ठेवू नका. एकाच ओळीने, तारखेच्या क्रमाने लिहा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या पोर्टेज शहराचे माजी महापौर जेम्स स्नायडर यांचं प्रकरण तसं मांडलं तर दोनच ओळींत उभं राहतं. २०१३: शहराने एका स्थानिक ट्रक कंपनीला दोन कंत्राटं दिली, कचऱ्याच्या पाच गाड्या सुमारे ११ लाख डॉलरना घेतल्या. २०१४: त्याच कंपनीने महापौरांना १३,००० डॉलरचा धनादेश दिला, सल्ल्याचे पैसे, असं त्यांचं म्हणणं. याच्या पुढचा प्रश्न तुम्हाला आपोआप सुचतो: सल्ला दिल्याचा कागद कुठे आहे?

देणाऱ्याचं काम शोधताना फक्त कंत्राटं धुंडाळू नका. परवाने, जमिनीच्या वापरातले बदल, करसवलती, चालू चौकश्या, नेमणुका, विधेयकातली एखादी दुरुस्ती आणि थांबवलेली कारवाई, हे सगळं पाहा. न झालेला निर्णय सर्वात अवघड, कारण त्याचा कागद नसतो. तिथे नोटीस निघाली आणि पुढे काहीच झालं नाही, अशा अर्धवट फायली कामी येतात.

एवढं कळलं की काही देशांत गुन्हा ठरवायला ते पुरतं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम १६५ होतं. ज्याचं काम आपल्यापुढे आहे किंवा येण्याची शक्यता आहे, अशा माणसाकडून लोकसेवकाने मौल्यवान वस्तू फुकट किंवा अपुऱ्या मोबदल्यात घेणं, हाच गुन्हा. बदल्यात काय केलं, हे सिद्ध करायची गरज नाही. कलमाखालचं उदाहरण आजही वाचण्यासारखं आहे: ज्याचं महसुली प्रकरण आपल्यापुढे आहे त्याचं घर कलेक्टर महिना ५० रुपये भाड्याने घेतो, आणि सरळ व्यवहारात त्याचं भाडं २०० रुपये पडलं असतं. दीडशे रुपयांचा फरक दिसला, गुन्हा पुरा झाला. १९८८ मध्ये भारतात ही तरतूद भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये गेली. तिथे सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे.

भारतीय संहितेवर बेतलेल्या सिंगापूरच्या दंड संहितेत मात्र १६५ हाच क्रमांक राहिला, आणि २०२४ मध्ये तो माजी वाहतूकमंत्री एस. ईश्वरन यांना लागू झाला. फॉर्म्युला वन शर्यतीच्या आयोजकांशी संबंधित उद्योजकाकडून विमानप्रवास आणि शर्यतीची तिकिटं, तर एका बांधकाम कंपनीच्या प्रमुखाकडून दारूच्या बाटल्या आणि सायकल असं मिळून ४ लाख सिंगापूर डॉलरपेक्षा जास्त किमतीचं त्यांनी घेतलं होतं. आधी लावलेले भ्रष्टाचाराचे दोन आरोप बदलून त्या जागी १६५ लावलं गेलं, त्यांनी गुन्हा कबूल केला आणि १२ महिन्यांची शिक्षा झाली. सरकारी पक्षाने मागितली होती त्यापेक्षा ही जास्त.

दक्षिण कोरिया आणखी पुढे गेला. २८ सप्टेंबर २०१६ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार अधिकाऱ्याने एकाच माणसाकडून एका वेळी १० लाख वॉनपेक्षा किंवा वर्षात ३० लाख वॉनपेक्षा जास्त घेतलं, तर कामाशी संबंध आहे की नाही हेही विचारलं जात नाही. मात्र त्याच कायद्यात जोडीदारासाठी शिक्षेची तरतूद नाही. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने घेतलेल्या हँडबॅगचं प्रकरण २०२४ मध्ये तिथल्या आयोगाने याच कारणाने बंद केलं.

साटंलोटं सिद्ध करायचं असेल तर

लाच या शब्दाला बहुतेक कायद्यांत बदल्याची अट आहे. हे काम कर, हे घे. इथे पुरावा सर्वात जड लागतो. मॅकडॉनेल यांना ज्युरीने २०१४ मध्ये दोषी ठरवलं, पण २०१६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निकाल रद्द केला: नुसती बैठक घडवून देणं किंवा कार्यक्रम ठेवणं म्हणजे अधिकृत कृती नव्हे, ठरावीक प्रश्नावर निर्णय किंवा त्यासाठी दबाव हवा. २०२४ मध्ये स्नायडर प्रकरणात त्याच न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी म्हटलं की काम झाल्यानंतर खुशीने दिलेली रक्कम त्या विशिष्ट केंद्रीय कायद्याखाली येत नाही. त्याच वर्षी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सीता सोरेन प्रकरणात वेगळ्या मुद्द्यावर स्पष्ट केलं की सभागृहातल्या मतासाठी लाच घेणाऱ्याला विशेषाधिकाराचं संरक्षण नाही, आणि लाच स्वीकारली तिथेच गुन्हा पूर्ण होतो, ठरल्याप्रमाणे मत दिलं की नाही याने फरक पडत नाही.

अमेरिकी न्यायालयाची ही व्याख्या आम्हाला अपुरी वाटते. मोठे देणारे कधी काम सांगून भेट देत नाहीत. ते वर्षानुवर्षं पाहुणचार करतात, नेत्याला मिंधा करून ठेवतात आणि गरज पडेल तेव्हा एक फोन करतात. प्रत्येक भेटीला एकेक निर्णय जोडून दाखवा, असा आग्रह धरला की नेमकी हीच पद्धत कायद्यातून निसटते. १६५ सारखं कलम तिला बरोबर पकडतं, कारण ते नात्याकडे पाहतं.

तरीही, तुमच्या प्रकरणाला जो कायदा लागू आहे त्याच्याच भाषेत पुरावा जमवा. नेत्याने फाइलवर काय शेरा मारला, नेहमीचा क्रम मोडला का, हाताखालच्यांचं मत काय होतं आणि ते कुणी डावललं. निर्णय नियमाप्रमाणेच झालेला असेल तर तेही टिपणात लिहा. ते लपवलंत तर पहिल्याच उत्तरात तुमचं सगळं प्रकरण कोसळेल.

लपवल्याची खूण कशी ओळखायची

विसरणं आणि लपवणं यांत फरक असतो आणि तो वागण्यातून दिसतो. त्याच नोंदवहीत किरकोळ पुस्तकं आणि शाली नेमाने लिहिल्या आहेत आणि महागडी सहल मात्र नाही, तर विसरलो म्हणणं अवघड जातं. बाकी सगळ्या भेटींच्या नोंदीही उशिरा असतील, तर कार्यालयाचा गलथानपणा असण्याची शक्यता जास्त. नाव बदलून केलेलं बुकिंग, रोखीतला व्यवहार, चुकीचं वर्णन, आणि विचारणा झाल्यावर घाईने केलेला भरणा, या खुणा वजनदार आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये ईश्वरन दोहाला जाऊन आले. तपास यंत्रणेने वेगळ्या प्रकरणात विमानाच्या प्रवाशांची यादी जप्त केल्यावर, मे २०२३ मध्ये त्यांनी परतीच्या तिकिटाचे ५,७०० सिंगापूर डॉलर त्याच शर्यतीच्या आयोजकांना भरले. तो भरणाच न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा स्वतंत्र गुन्हा ठरला.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बॅरी ओ'फॅरेल यांनी १९५९ सालच्या, सुमारे ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलर किमतीच्या वाइनची बाटली मिळाल्याचं आठवत नाही असं चौकशी आयोगापुढे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अक्षरातली आभाराची चिठ्ठी पुढे आली आणि एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी पद सोडलं. आयोगाने नंतर त्यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली नसल्याचं म्हटलं. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष क्रिस्टियान वुल्फ यांनी २०१२ मध्ये राजीनामा दिला. सुमारे ७०० युरोंच्या पाहुणचाराचा खटला चालला आणि २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले.

लिहिताना कोणता शब्द वापरायचा

नोंद नाही एवढंच सिद्ध असेल तर 'नियमभंग' किंवा 'भेट जाहीर केली नाही' असं लिहा. नोंद नाही आणि देणाऱ्याचं काम नेत्यापुढे होतं, तर 'हितसंबंधांचा संघर्ष' लिहा आणि दोन्ही तारखा द्या. जिथे १६५ सारखं कलम आहे तिथे त्या कलमाचं नाव घेता येतं, मात्र 'आरोप' हा शब्द ठेवून. 'लाच' हा शब्द बदल्याचा पुरावा हाती असेल किंवा तसा आरोप यंत्रणेने ठेवला असेल तरच वापरा. 'भ्रष्टाचार' हा शब्द नैतिक अर्थाने वापरायचा असेल तर मत म्हणून वापरा आणि ते कोणत्या तथ्यांवर बेतलंय हे त्याच परिच्छेदात सांगा. बदनामीच्या दाव्यात हा फरक तुमच्या बाजूने उभा राहतो.

तक्रार कुठे आणि कशी

आधी नेत्याला लेखी प्रश्न पाठवा: भेट कोणती, तारीख, अंदाजे किंमत, नोंद कुठे आहे, पैसे परत केले असतील तर कधी. उत्तरासाठी वाजवी मुदत द्या आणि आलेलं उत्तर शब्दशः जोडा. नोंद न केल्याची तक्रार सभागृहाच्या आचारविषयक अधिकाऱ्याकडे किंवा समितीकडे जाते, लाचेची तपास यंत्रणेकडे. एकाच अर्जात दोन्ही घालू नका. समिती म्हणेल तपास चालू आहे, थांबा, आणि यंत्रणा म्हणेल ही समितीची बाब आहे. दोन अर्ज वेगळे करा, प्रत्येकात दुसऱ्याचा उल्लेख फक्त एका ओळीत. अर्जाला तारखांचा तक्ता, किमतीचा आधार, नोंदवहीची उतरवलेली प्रत आणि त्या तारखेचा नियम एवढं जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. मुदतीचं कलम आधीच वाचा. अनेक समित्या ठरावीक वर्षांपेक्षा जुनी प्रकरणं सहसा हाती घेत नाहीत, त्यामुळे भेटी अनेक असतील तर सर्वात अलीकडची पहिल्या क्रमांकावर मांडा.